डॉक्टर वू आणि हार्बिनची साथ

मलायाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पेनांग नावाचे एक हिरवेगार बेट आहे. इंग्रजांच्या अमदानीत या बेटावरील बंदरात चिनी, मलायी, तमिळ, अरब असे नाना देशींचे लोक पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झाले होते. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातून आलेला एक सोनारही त्यांत होता. त्याच्या नांदत्या घरात इ. स. १८७९ च्या मार्च महिन्याच्या दहाव्या तारखेस एक मुलगा जन्मास आला. हाच मुलगा पुढे डॉक्टर वू लिएन-तेह या नावाने जगास परिचित झाला.

मुलाची बुद्धी तल्लख होती आणि अभ्यासाची आवड त्याहूनही मोठी होती. पेनांगच्या इंग्रजी शाळेत शिकत असता इ. स. १८९६ मध्ये त्याने राणीच्या नावाने दिली जाणारी शिष्यवृत्ती मिळवली आणि सतराव्या वर्षी तो विलायतेस निघाला. केंब्रिज विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेणारे वू हे पहिले चिनी विद्यार्थी होत. केंब्रिजमागून त्यांनी लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात उमेदवारी केली. त्यानंतर लिव्हरपूल, जर्मनीतील हाले आणि पॅरिसची पाश्चर संस्था या ठिकाणी त्यांनी जंतुशास्त्राचा अभ्यास केला. डोळ्यांना न दिसणारे जीव माणसाच्या शरीरात कसे शिरतात, कसे वाढतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातात, हे शास्त्र त्या काळी अगदी नवे होते. त्या वाटेचा शोध हेच पुढे वू यांच्या आयुष्याचे कार्य ठरले.

इ. स. १९०३ मध्ये ते स्वदेशी परतले. पदवी केंब्रिजची असली, तरी कातडीचा रंग गोरा नव्हता. आणि इंग्रजांच्या वसाहतीतील वैद्यक खात्यात वरच्या जागा गोऱ्यांसाठीच राखून ठेवलेल्या होत्या. वू यांनी क्वालालुंपूर येथील संशोधन संस्थेत काही काळ काम केले आणि मग पेनांगमध्ये आपला दवाखाना थाटला. चिनी मजूर अफूच्या पायी कसे धुळीस मिळतात, हे त्यांना रोज दिसत होते. त्यांनी अफूविरोधी चळवळ उभारली. अफूचा व्यापार हा सरकारच्या आणि अनेक धनिकांच्या उत्पन्नाचा मोठा झरा होता, त्यामुळे ही चळवळ पुष्कळांना खुपली. इ. स. १९०७ मध्ये त्यांच्या दवाखान्याची झडती झाली. औषध म्हणून ठेवलेला अफूचा औंसभर अर्क तेथे सापडला आणि अफूच्या शत्रूलाच अफू बाळगल्याबद्दल दंड झाला. असल्या न्यायाचे नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती व्यापार त्याच्याच हाती कायदा असला, म्हणजे असेच घडते. वू यांचे मन मात्र पेनांगवरून उडाले. त्याच सुमारास चीनच्या सरकारकडून त्यांना बोलावणे आले आणि इ. स. १९०८ मध्ये ते तिएनत्सिन येथील लष्करी वैद्यक विद्यालयाचे उपप्रमुख झाले. गंमत अशी की, या चिनी डॉक्टरास उत्तर चीनची भाषा धड बोलता येत नव्हती. आपल्याच देशबांधवांची भाषा त्यांना शिक्षक ठेवून शिकावी लागली.

इ. स. १९१० च्या हिवाळ्यात उत्तर मांचुरियातून भयंकर वार्ता येऊ लागल्या. रशियाच्या सरहद्दीजवळ ऑक्टोबर महिन्यात एक रोग सुरू झाला होता. रोग्यास ताप चढे, खोकला लागे, थुंकीतून रक्त पडे, अंग काळेनिळे पडे आणि दोन-तीन दिवसांत त्याचा अंत होई. रोग झाला आणि रोगी वाचला, असे उदाहरण शोधूनही सापडत नव्हते. आगगाडीच्या मार्गाने हा रोग पूर्वेकडे सरकत सरकत हार्बिन शहरास येऊन पोहोचला होता.

या रोगाचे मूळ मोठे विलक्षण होते. मांचुरिया आणि मंगोलिया यांच्या माळरानावर तारबगान नावाचा एक प्राणी बिळे करून राहतो. तो खारीच्याच कुळातला, पण आकाराने मांजराएवढा असतो. त्याची लव रंगवली, म्हणजे ती सेबल नावाच्या मौल्यवान लोकरीसारखी दिसते. युरोपातील बाजारांत या कातड्यांना एकाएकी मागणी आली, भाव अनेक पटींनी चढले आणि शांतुंग प्रांतातील हजारो गरीब शेतकरी शिकारीसाठी उत्तरेकडे धावले. या प्राण्यांना प्लेग होतो. मंगोल शिकाऱ्यांना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. सुस्त, अडखळत चालणाऱ्या जनावराला ते हात लावीत नसत. नव्याने आलेल्यांना हे ज्ञान नव्हते. त्यांना तर आजारी जनावर हाती लागणे सोपे वाटे. मोसम संपल्यावर हे लोक परत फिरले. वाटेतील धर्मशाळांत वीस-वीस, तीस-तीस माणसे खिडक्या-दारे घट्ट लावून, विटांच्या ऊबदार ओट्यावर खेटून झोपत. एकाच्या खोकल्याने रात्रीत सगळी खोली बाधित होई. त्यातच चिनी नववर्ष जवळ आले होते. आपल्याकडे दिवाळीला मुंबईचा चाकरमान्या जसा गावाकडे ओढला जातो, तसा तेथील प्रत्येक मजूर त्या सणाला घर गाठण्याची पराकाष्ठा करतो. अशा लाखो लोकांची गर्दी आगगाड्यांत लोटणार होती.

पेकिंगहून वू यांना तार आली. आपण जाल काय, अशी विचारणा करण्यात आली. त्यांनी होकार दिला आणि एक सूक्ष्मदर्शक यंत्र व एक विद्यार्थी मदतनीस एवढा सरंजाम बरोबर घेऊन ते निघाले. डिसेंबरच्या चोविसाव्या तारखेस ते हार्बिनला उतरले. त्या वेळी त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. थंडी शून्याखाली पंचवीस-तीस अंश होती. हार्बिनचा मुख्य भाग रशियन रेल्वेच्या ताब्यात होता. त्याला लागून फूच्यातिएन नावाची दाट चिनी वस्ती होती. तेथे सुमारे चोवीस हजार माणसे राहत आणि रोगाचा कहर तेथेच होता. वस्तीत धड रुग्णालय नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. रोग नेमका कोणता, हेही कोणी शास्त्रशुद्ध रीतीने पाहिलेले नव्हते.

ते पाहण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे शवविच्छेदन. परंतु मृताच्या देहावर शस्त्र चालवणे हे चिनी रूढीस अत्यंत निषिद्ध होते आणि कायद्याचीही त्याला मोकळीक नव्हती. डिसेंबरच्या सत्ताविसाव्या तारखेस एका धर्मशाळावाल्याची जपानी बायको या रोगाने मरण पावल्याचे समजले. एका लहानशा घरात, कसलाही गाजावाजा न करता वू यांनी तिच्या शरीरातील रक्ताचे व अवयवांचे नमुने घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचे जंतू स्पष्ट दिसले. फुप्फुसे त्या जंतूंनी भरून गेली होती. स्थानिक अधिकाऱ्यांनाही त्यांनी यंत्रातून ते दाखवले. पण न दिसणारा शत्रू काचेतून दाखवला, म्हणून तो सर्वांना पटतोच असे नाही.

आता वू यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. रोग प्लेग आहे हे ठरले, परंतु तो पसरतो कसा? या प्रश्नाचे त्या काळचे सर्वमान्य उत्तर आपल्या मुंबईत मिळालेले होते. इ. स. १८९६ मध्ये मुंबईस गाठीचा प्लेग आला. पुढे इ. स. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकांनी असे सिद्ध केले की, हा रोग उंदरांना होतो आणि उंदीर मेला, म्हणजे त्याच्या अंगावरील पिसवा माणसास चावून रोग देतात. परळच्या प्रयोगांत तिळमात्र चूक नव्हती. म्हणून जगातील डॉक्टर प्लेग म्हटला, की प्रथम उंदीर शोधू लागले. हार्बिनमध्येही शेकडो उंदीर पकडून तपासण्यात येत होते. पण त्यांत प्लेग सापडेना. रोग्यांच्या काखेत वा जांघेत गाठीही दिसत नव्हत्या. वू यांनी सर्व गोष्टी जुळवून पाहिल्या. भर हिवाळा, बंद खोल्या, फुप्फुसांत खच्चून भरलेले जंतू, आणि एकाच घरातील माणसे एकामागून एक मरण्याचा क्रम! त्यांनी निष्कर्ष काढला की, येथे उंदराची वा पिसवेची गरजच उरलेली नाही. रोगी खोकला, म्हणजे त्याच्या तोंडातून अतिसूक्ष्म तुषार उडतात, ते जवळच्या माणसाच्या श्वासाबरोबर आत जातात आणि रोग थेट माणसाकडून माणसाकडे जातो.

हा विचार आज शाळेतल्या मुलालाही सांगता येईल, इतका परिचयाचा झाला आहे. प्लेगचा जंतू हा जीवाणू होय. इन्फ्लुएंझाला किंवा इ. स. २०२० मध्ये जगभर पसरलेल्या कोरोनाच्या साथीला कारण होणारे विषाणू हे त्याहून फार लहान आणि निराळ्या जातीचे. ते साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाहीत. तथापि श्वासावाटे बाहेर पडून दुसऱ्याच्या श्वासात शिरण्याची त्यांची रीत बरीचशी तीच आहे. इ. स. १९१० मध्ये मात्र वू यांचे म्हणणे धाडसाचे होते, कारण ते पुस्तकांच्या विरुद्ध जात होते.

निष्कर्ष निघाल्यावर उपायही त्यातूनच निघाला. वू यांनी एक मुखपट्टी तयार केली. जखमा बांधण्याचे नऊ इंच रुंदीचे जाळीदार कापड घ्यावे, त्याचे तीन फूट लांबीचे तुकडे करावेत, ते उभे दुमडून मध्ये कापसाची चौकोनी घडी बसवावी आणि दोन्ही टोके कापून त्यांचे बंद डोक्यामागे बांधावेत, अशी तिची घडण होती. कोणत्याही घरी ती करता यावी आणि खर्च नाममात्र यावा, हाच हेतू होता. शस्त्रक्रियेच्या वेळी काही डॉक्टर तोंडावर कापड बांधीत असत. परंतु साथीच्या गावात डॉक्टर, शिपाई, सफाईवाले आणि सामान्य रहिवासी या साऱ्यांनीच तोंड-नाक झाकावे, ही कल्पना नवी होती. पुष्कळांना ती हास्यास्पद वाटली.

जवळच रशियनांचे प्लेग-रुग्णालय होते. वू तेथे भेटीस गेले, तेव्हा तेथील मुख्य डॉक्टर मुखपट्टीशिवाय रोग्यांमध्ये वावरत असलेले त्यांना दिसले. या डॉक्टरांचे नाव हाफकीन. मुंबईत राहून प्लेगची लस तयार करणारे आणि ज्यांच्या नावाची संस्था परळ येथे आहे, त्या वाल्देमार हाफकीन यांचे हे पुतणे! आपल्या काकांच्या लसीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. गाठीच्या प्लेगात त्या लसीने मुंबई इलाख्यात असंख्य प्राण वाचवले होते हे खरेच. परंतु श्वासातून येणाऱ्या या प्लेगापुढे तिचा भरवसा धरता येत नव्हता. पाहुण्यांना मुखपट्टी देण्याची तेथे पद्धत नव्हती. वू मनातून अस्वस्थ झाले, पण शिष्टाचार म्हणून त्या कक्षातून शक्य तितक्या सावधपणे फिरून परत आले.

जानेवारीच्या प्रारंभी तिएनत्सिनहून डॉक्टर मेस्नी नावाचे एक फ्रेंच अध्यापक मदतीस आले. वय त्रेचाळीस, अनुभव मोठा. एका प्लेगच्या साथीत त्यांनी कामही केलेले होते. वू त्यांना भेटावयास गेले आणि आपले मत त्यांनी समजावून सांगितले. मेस्नींना ते रुचले नाही. एका तरुण चिनी माणसाच्या हाताखाली आपण काम करावे, हे तर त्यांना त्याहूनही रुचले नाही. ते संतापले आणि त्यांनी वू यांच्या जातकुळीचा उद्धार केला. वू शांतपणे उठून बाहेर पडले. आपल्यास कामातून मुक्त करावे, अशी तार त्यांनी पेकिंगला केली. एकाच ठिकाणी दोन मते चालू राहिली, तर शेकडो जीव फुकट जातील, हे त्यांना दिसत होते. सरकारने वू यांचीच बाजू घेतली. मेस्नी मग एकटेच रशियन रुग्णालयात गेले आणि मुखपट्टी न बांधता त्यांनी रोग्यांच्या छातीस कान लावून तपासणी केली. तीन दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि खोकला सुरू झाला. जानेवारीच्या अकराव्या तारखेस ते मरण पावले.

या मृत्यूने हार्बिन हादरले. जे कोणत्याही व्याख्यानाने झाले नसते, ते एका दिवसात झाले आणि रस्त्यात दिसेल त्याच्या तोंडावर पट्टी दिसू लागली. काहींना तिचा उपयोग अजून कळला नव्हता. ते ती ताइतासारखी गळ्यात लोंबकळत ठेवीत. या घटनेत वू यांना विजयाचा आनंद झाला असेल, असे समजणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. मेस्नी हे उद्धट असले, तरी भित्रे नव्हते. स्वतःहून मृत्यूच्या दारात आलेला तो एक वैद्य होता आणि तेथे वैद्यांची फार वाण होती.

आता वू यांच्या शब्दाला वजन आले. लष्कराचे अकराशेहून अधिक शिपाई आणि सुमारे सहाशे पोलीस त्यांच्या हाताखाली देण्यात आले. फूच्यातिएनचे चार भाग पाडण्यात आले. पांढरा, तांबडा, पिवळा आणि निळा असे प्रत्येक भागाचे रंग ठरले. प्रत्येक रहिवाशाने आपल्या भागाच्या रंगाची खूण बाहीवर लावावी आणि परवान्यावाचून दुसऱ्या भागात पाऊल टाकू नये, असा हुकूम निघाला. तपासनिसांची पथके रोज घरोघर जात. रोगी आढळला, की त्यास रुग्णालयात हलवीत, घर निर्जंतुक करीत आणि घरातील इतर माणसांना वेगळे काढीत. शहरात बाहेरून येण्यास व शहरातून बाहेर जाण्यास बंदी झाली. शेजारच्या लोहमार्गांवरील मजुरांची वाहतूक थांबवण्यात आली.

निरोगी माणसास वेगळे का काढावे, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला. आणि तो मुळीच वेडगळ नव्हता. ज्याला ताप नाही, खोकला नाही, जो आपल्या पायांनी चालतो आहे, त्याने घरदार सोडून पहाऱ्यात का राहावे? याचे कारण असे की, जंतू शरीरात शिरल्यापासून रोग दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. त्या दिवसांत कोण निर्दोष आणि कोण बाधित, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. शंभरांतील नव्वद जण धडधाकट निघतील, पण उरलेले दहा कोणते, हे काळच सांगतो. अशा माणसांना ठेवावयास जागा नव्हती, म्हणून वू यांनी रशियन रेल्वेकडून मालगाडीचे एकशेवीस डबे मागून घेतले. प्रत्येक डब्यात शेगडी पेटवून सुमारे वीस माणसांची सोय केली. सकाळ-संध्याकाळ त्यांचा ताप आणि नाडी पाहिली जाई. कोणास ताप चढला, तर त्यास लगेच रुग्णालयात नेत. मुदत संपेपर्यंत ज्यास काही झाले नाही, त्यास मनगटावर खूण बांधून घरी सोडीत.

हे सारे सुरळीत पार पडले, असे मात्र नव्हे. लोक रोगी लपवीत. रुग्णालयात गेलेला परत येत नाही, हे ते डोळ्यांनी पाहत होते आणि त्यात खोटे काही नव्हते. या रोगावर त्या काळी औषधच नव्हते. घरातील माणूस मेला, तर दंडाच्या व पहाऱ्याच्या भीतीने त्याचे प्रेत रात्री रस्त्यावर टाकून देत. पुण्यास इ. स. १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी घरांत शिरलेल्या गोऱ्या सोजिरांनी जो संताप उसळवला, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. देव्हाऱ्यापर्यंत बूट घालून जाणारा शिपाई रोगाहून वाईट वाटतो, आणि मग चांगल्या नियमावरचाही विश्वास उडतो. फूच्यातिएनमध्येही शिपाई होतेच. वू यांनी आपल्यापरीने तेथील व्यापारी मंडळास व अधिकाऱ्यांस बरोबर घेतले, पोलिसांच्या जागी शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक नेमण्याचा यत्न केला. तरी धाक होताच. तो नसता, तर ही व्यवस्था चालली असती काय, याचे उत्तर देणे सोपे नाही.

सर्वांत कठीण प्रसंग जानेवारीच्या अखेरीस आला. गावाबाहेरील स्मशानभूमीकडे वू गेले असता त्यांना जे दिसले, ते त्यांना जन्मभर विसरता आले नाही. जमीन दगडासारखी गोठली होती. सात-सात फूट खोल बर्फ झाल्यामुळे खड्डा खणता येत नव्हता. शवपेट्यांची आणि उघड्या प्रेतांची लांबच लांब रांग आठवड्यामागून आठवडे तशीच पडली होती. त्यांची संख्या दोन हजारांवर गेलेली! थंडीमुळे प्रेते कुजत नव्हती, तसे जंतूही मरत नव्हते. उंदरांनी तेथे तोंड लावले, तर वसंत ऋतूत साथीला नवे पाय फुटणार होते. उपाय एकच होता, दहन. आपल्याकडे अग्निसंस्कार हा परंपरेचाच भाग आहे. परंतु चिनी माणसाच्या दृष्टीने पूर्वजांचा देह मातीत अखंड राहिला पाहिजे. तो जाळणे म्हणजे घोर पाप. वू स्वतः चिनी होते. आपण काय मागत आहोत, हे त्यांना पूर्ण कळत होते. म्हणून त्यांनी तो निर्णय आपल्याच अधिकारात न घेता प्रथम गावच्या प्रतिष्ठितांना व अधिकाऱ्यांना स्मशानात नेऊन ते दृश्य दाखवले, त्यांची संमती मिळवली आणि मग थेट बादशहाच्या दरबारास अर्ज केला. तीन दिवस उत्तर आले नाही. रोज शंभराहून अधिक माणसे मरत होती. जानेवारीच्या तिसाव्या तारखेस, ऐन नववर्षाच्या दिवशी, परवानगीची तार आली.

दुसऱ्या दिवशी शवपेट्यांच्या शंभर-शंभरांच्या राशी रचण्यात आल्या. आग विझवण्याच्या बंबांतून त्यांवर रॉकेल फवारण्यात आले. अधिकारी आणि नागरिक दूर उभे राहून पाहत होते. काही वेळात राशी पेटल्या आणि पेट्या कोसळून जमिनीचे बर्फ वितळले. पुढील प्रेतांसाठी सुरुंगाने खड्डे पाडण्यात आले. कोठेही दंगा झाला नाही. नववर्षाचे म्हणून लोकांना घरात व अंगणात फटाके उडवण्याची मुभाच नव्हे, तर आग्रह करण्यात आला. गंधकाच्या धुराने जंतू किती मेले असतील ते असो, पण दोन महिने श्मशानशांतता भोगलेल्या वस्तीत माणसांचा आवाज पुन्हा ऐकू आला.

योगायोग म्हणा वा उपायांचे फळ म्हणा, त्याच दिवसापासून मृत्यूंचा आकडा उतरू लागला. मार्चच्या पहिल्या तारखेस हार्बिनमधील शेवटच्या रोग्याची नोंद झाली. फूच्यातिएनची जवळजवळ पाव वस्ती नष्ट झाली होती. साऱ्या मांचुरियात व उत्तर चीनमध्ये मिळून सुमारे साठ हजार लोक दगावले. वू यांच्या हाताखाली राबणाऱ्या सुमारे तीन हजार डॉक्टर, विद्यार्थी, शिपाई, हमाल व गाडीवान यांपैकी तीनशेच्या जवळपास माणसे कामावरच मृत्युमुखी पडली. त्यांत गाडीवान व हमाल यांचा भरणा मोठा होता. त्यांची नावे फारशी कोठे लिहिली गेली नाहीत.

एप्रिलमध्ये मुकडेन येथे प्लेगसंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अकरा देशांचे शास्त्रज्ञ आले होते. प्लेगच्या जंतूचा शोध ज्यांच्या नावाशी जोडला जातो, ते जपानचे कितासातोही त्यांत होते. अध्यक्षस्थानी बत्तीस वर्षांच्या डॉक्टर वू यांची निवड झाली. वर्ष उलटते न उलटते तोच चीनची बादशाही कोसळली, पण वू यांचे काम थांबले नाही. इ. स. १९१२ मध्ये मांचुरियाच्या प्लेग-प्रतिबंधक सेवेची स्थापना झाली आणि वू तिचे संचालक झाले. रोग ज्या प्राण्यापासून उद्भवला, त्या तारबगानाचा त्यांनी माळरानावर जाऊन अभ्यास केला. इ. स. १९२०-२१ मध्ये फुप्फुसाचा प्लेग पुन्हा आला, तेव्हा रुग्णालये, शिकलेली माणसे आणि आगगाड्या थांबवण्याची व्यवस्था सिद्ध होती. तरीही सुमारे नऊ हजार माणसे गेली. परंतु ती संख्या पहिल्या साथीच्या जवळपासही नव्हती. इ. स. १९२६ मध्ये या रोगावरील त्यांचा मोठा ग्रंथ राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथून प्रसिद्ध केला. चीनच्या बंदरांवर परदेशी जहाजांची तपासणी तोपर्यंत परकीयांच्या हाती होती. इ. स. १९३० मध्ये ती चिनी सरकारकडे आली आणि तिची सूत्रे वू यांना देण्यात आली.

पुढला काळ युद्धाचा होता. इ. स. १९३१ मध्ये जपान्यांनी मांचुरिया व्यापला. वीस वर्षे जेथे घालवली, त्या भूमीवर वू यांना हेर समजून काही काळ अटकेत ठेवण्यात आले. इ. स. १९३७ मध्ये शांघायवर हल्ला झाला आणि ते कायमचे मलायास परतले. इपो या गावी त्यांनी साधा दवाखाना उघडला. गोरगरिबांकडून ते पैसे घेत नसत. गावात वाचनालय व्हावे म्हणून उतारवयात त्यांनी दारोदार वर्गणी गोळा केली.

अखेरच्या वर्षांत त्यांनी आपले चरित्र लिहिले. ते इ. स. १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा आरंभ पेनांगच्या सोनाराच्या घरापासून होत नाही. पहिल्या पानापासून हार्बिनच्या हिवाळ्याचीच कथा सुरू होते, आणि स्वतःचा उल्लेखही त्यांनी परक्यासारखा डॉक्टर वू असाच केला आहे. ग्रंथ हाती आल्यानंतर थोड्याच महिन्यांनी, इ. स. १९६० च्या जानेवारी महिन्याच्या एकविसाव्या तारखेस, पेनांग येथे वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.